भाकरी पोचवता पोचवता

सोलापुरात आमच्या भागात बायकांचं एक मंडळ आहे. लॉकडाऊनमध्ये यंत्रमाग थांबले, बिड्यांची पानं-तंबाखू मिळेनाशी झाली आणि ओळखीपाळखीच्या घरांतल्या चुली थंड दिसायला लागल्या, तेव्हा आम्ही आपापल्या तव्यावर चार भाकऱ्या जास्त टाकायला सुरुवात केली. साथ ओसरली, पण भाकऱ्या थांबल्या नाहीत. आता कुठल्या कुठल्या कॉलन्यांतून, गावांतून मंडळी विचारायला येतात, ‘आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कशी करू?’ काय सांगावं हे लगेच सुचत नाही, कारण आम्ही शिकलो ते आमच्या गल्लीकडून. तरी मनात साठलेलं त्यांच्यापुढे ठेवते. त्यांच्या गल्लीत काय लागू पडेल ते त्यांना माझ्यापेक्षा बरं कळेल.

१. सगळ्यात उपाशी माणूस रांगेत नसतो. हे मला पिठाच्या गिरणीवाल्या काकांनी शिकवलं. कुणाकडे अडचण आहे हे विचारत आम्ही घरोघर फिरलो, तर जो तो म्हणाला, ‘आमचं बरं चाललंय, पुढच्या घरी बघा.’ काका म्हणाले, ‘ताई, विचारून कोण सांगतंय? दर आठवड्याला पाच किलो दळण आणणारं घर एक किलोवर आलं की मला न विचारता कळतं.’ किराणा दुकानदारालाही कळतं. तेलाची पिशवी नेणारी बाई वाटीत सुटं तेल मागायला लागते, उधारीच्या वहीतलं एखादं पान बरेच दिवस पुढे सरकत नाही. या दोघांच्या सांगण्यावरून जी दारं उघडली, ती आमच्या कुठल्याच यादीत आली नसती. कापडगिरणी बंद पडल्यापासून एकटेच राहणारे एक आजोबा, जे कधीही विचारलं तरी ‘आत्ताच जेवलो’ म्हणतात. स्पर्धा परीक्षेसाठी गाव सोडून आलेला, अभ्यासिकेत रात्रीच्या जेवणाऐवजी चहावर भागवणारा मुलगा. इस्त्रीची साडी नेसणारी एक विधवा बाई. या माणसांचा मान राखणं हे जेवण देण्याच्या आधीचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. डबा साधा स्टीलचा, शेजारणीकडून शेजारणीकडे जावा तसा भरदुपारी जातो.

मान पैशातूनही राखला जातो. राज्य सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात दहा रुपयांत मिळायचा. पुढे टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आली, काही काळ मोफतही झाली. पण त्या दहा रुपयांच्या नाण्याचं मोल मला मोठं वाटतं. पैसे देऊन जेवणारा माणूस भाजी आवडली नाही तर तसं म्हणू शकतो. आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघराच्या दाराशीही पैशांसाठी एक डबा ठेवलाय, वाटलं तर टाका, नाही तर नका टाकू. त्यात जमतं त्यातून मीठमिरचीही भागत नाही. पण तो डबा ठेवल्यापासून आधी कधीच न आलेली काही माणसं यायला लागली.

२. दवाखान्यात रुग्णाला जेवण मिळतं, त्याच्या माणसाला मिळत नाही. सोलापूरच्या दवाखान्यांत अक्कलकोट, तुळजापूर, उमरगा, इंडी, अफजलपूर, पार कलबुर्गीपर्यंतची माणसं येतात. सोबतचा माणूस एक-दोन दिवसांची भाकरी बांधून आणतो आणि मुक्काम लांबत जातो. औषधाला पैसे लागतील म्हणून तो आधी स्वतःचं जेवण तोडतो. रुग्णाच्या ताटातलं उरलेलं खाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्या ‘उरलंय’ म्हणतात ते उरवलेलं असतं हेही पाहिलंय. तिथे आमची सोलापुरी कडक भाकरी फार उपयोगी पडली. पातळ थापून मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत शेकलेली ज्वारीची भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी कितीतरी दिवस टिकते. फ्रिज लागत नाही, गरम करावी लागत नाही, व्हरांड्यात बसून खाता येते, दात नसतील तर दुधात किंवा आमटीत कुस्करता येते. बाहेरगावच्या एखाद्या मंडळाला मी म्हणते, आधी तुमच्याकडचा टिकाऊ घरगुती पदार्थ शोधा, पुलावाच्या पातेल्याचं नंतर बघा.

गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. आजारी माणसाबरोबर त्याचं माणूसही परगावी उघड्यावर पडतं, हे कळायला दवाखान्याच्या फाटकाशी दोन रात्री बसलं तरी पुरे.

३. एक रेशनकार्ड नीट झालं की घरातली चूल बारा महिने पेटते. हे काम जेवण वाटण्याइतकं दिसत नाही. त्याला गर्दी नसते, वास नसतो, कुणी टाळ्या वाजवत नाही. तरीही मला कुणी विचारलं, की तुमच्या मंडळाने खरं काय केलं, तर मी आधी रेशनकार्डांचं नाव घेईन.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य हक्काचं झालं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळतं. म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला पंचवीस किलो. आमची सगळी धडपड एकत्र केली तरी एवढं धान्य आम्ही इतक्या घरांना दर महिन्याला देऊ शकत नाही. मग एखादं घर उपाशी का राहतं? कारण सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डात चढत नाही. दोन लेकरं जन्मली त्यांची नावं घालायला कुणाला सवड झालेली नसते. भाड्याचं घर बदललं की पत्त्याचा पुरावा राहत नाही. आयुष्यभर बिड्या वळलेल्या, विटा उचललेल्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि मशीनवर अंगठाच उठत नाही. त्या आजी दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत येतात आणि कुणाला काही बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं दोष आपल्या बोटांचा आहे.

दुसरी अडचण अजून खोल आहे. शहरात प्राधान्य यादीत बसायचं तर घराचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं. महिन्याचे पाच हजारही होत नाहीत. यंत्रमागावर राबणारा एखादा माणूस यापेक्षा थोडं जास्त कमावतो, खोलीभाडं भरतो आणि कागदावर गरीब ठरत नाही. शिवाय राज्याला ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. यादी भरली असेल तर पात्र माणसालाही कुणाचं तरी नाव कमी होईपर्यंत थांबावं लागतं. ही मर्यादा आमच्यासारख्या मंडळाच्या हातातली नाही, पण ती आहे हे मोठ्याने बोलणं आमच्या हातात आहे, आणि ते मी जिथे जाईन तिथे बोलते.

बाकीचं मात्र हातातलं आहे. आमच्यातल्या दोघी-तिघी सेतू केंद्रात आणि पुरवठा कार्यालयात माणसाबरोबर जातात. फॉर्म भरून देतात एवढंच नाही, बरोबर बसतात. एकट्या बाईला ‘उद्या या’ म्हणतात, सोबत कुणी असलं की त्याच खिडकीत आज काम होतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना आम्ही आठवण करून देतो, की कार्ड गावचं असलं तरी धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येतं. दिवाळीनंतर जी घरं कोयता घेऊन बाहेर पडतात त्यांतल्या पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. त्यांचं धान्य गावातल्या दुकानात आणि ती माणसं फडावर, असे महिनेच्या महिने जातात.

४. अन्नाला नाही म्हणायला फार धीर लागतो. लग्नसराईत मंगल कार्यालयातून रात्री साडेअकराला फोन येतो, ‘दोनशे माणसांचं उरलंय, घेऊन जा.’ अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत वाढलेली माणसं आपण. पातेलंभर भात नको म्हणताना जीभ अडते. पण एप्रिलमधलं सोलापूर म्हणजे दुपारचे चाळीस-बेचाळीस अंश. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि भात तर वासावरून कळायच्या आतच बिघडतो. उपाशी माणसाच्या पोटात आधीच बळ कमी असतं, त्याला जुलाब झाले तर चार दिवसांची मजुरी जाते. उरलेल्या अन्नाचं वाटप कसं करावं यासाठी २०१९ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केले आहेत, ते प्रत्येक मंडळाने एकदा समजून घ्यावेत.

आम्ही केटरिंगवाल्यांशी लग्नाच्या आधीच बोलून ठेवतो. पंगतीत न उपसलेलं, झाकलेलं, गरम असतानाच भरलेलं तेवढं घेतो. ताटातलं, बुफेच्या टेबलावर तासन्‌तास राहिलेलं घेत नाही. खरं तर आम्हाला त्यांच्याकडून जास्त उपयोगी पडतो तो कोरडा शिधा. न फोडलेली गव्हाची पोती, बटाटे, कांदे, डाळ. यजमानांनाही ते पटतं, फक्त कुणीतरी आधी विचारावं लागतं.

५. मोठा धनादेश वर्षातून एकदा येतो, मूठ रोज येते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला गावोगावच्या बायांच्या मुठीने जगवलं. जात्यावर दळायला बसण्याआधी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं, तोच मुष्टिफंड. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह निघालं, आणि त्यातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही मोडले. मला यातली ती मूठ जास्त भावते, कारण ती देणाऱ्या बाईचं स्वतःचं मडकंही काठोकाठ भरलेलं नसायचं. आमच्याकडेही तेच चित्र आहे. सर्वांत नेमाने भाकरी देणारी घरं दोन खोल्यांची आहेत. पूर्वी आमचा डबा घेणारी एक बिडी कामगार बाई आता आठवड्यातून दोनदा भाकऱ्या थापून आणते, आणि तिने आणलेल्या भाकऱ्यांची चळत सगळ्यांत उंच असते. तिला ‘राहू द्या हो’ म्हणणं हा तिचा अपमान ठरेल, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मात्र एका बाबतीत माझं मत कडक आहे. रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बायांना मजुरी मिळालीच पाहिजे. आठवड्यातून एकदा हौसेने थापणं वेगळं आणि रोज सकाळी सहाला पन्नास माणसांचं पीठ मळणं वेगळं. सेवेच्या नावाखाली गरीब बाईला फुकट राबवून दुसऱ्या गरिबाला जेवू घालायचं, हे मला मान्य नाही. देणगीदार विचारतात, ‘सगळे पैसे अन्नावरच जातात ना?’ मी सांगते, नाही, मजुरीवरही जातात, आणि त्या मजुरीतून आणखी दोन घरं जेवतात.

६. घरात अन्न असूनही लेकरू सुकतं. याने मला सगळ्यांत जास्त हलवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. हा आकडा कागदावर वाचला होता. आमच्या मागच्या वस्तीत अंगणवाडीताईंनी एका बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळली तेव्हा तो डोळ्यांसमोर आला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल. त्या घरात रेशनचे तांदूळ होते, डाळ होती, आईची माया तर होतीच. नव्हता तो आईचा मोकळा हात. ती बिड्या वळते, आणि मजुरी हजार बिड्यांवर ठरते. हजार भरल्याशिवाय ती उठू शकत नाही, आणि वर्षा-दीड वर्षाच्या लेकराचं पोट एवढंसं, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. अशा घरात आणखी पाच किलो तांदूळ नेऊन टाकून काय होणार?

मग वस्तीतल्या घरी बसणाऱ्या आज्या पुढे आल्या. अकरा वाजता एकीकडे, चार वाजता दुसरीकडे, सात-आठ लेकरं गोळा करून मऊ खिचडीत शेंगदाण्याचं कूट, कधी उकडलेलं अंडं, शेवग्याचा पाला घालून त्या भरवतात. गोष्टी सांगतात, दटावतात, तोंड पुसतात. मंडळाचा खर्च नगण्य. कुठल्या लेकराला दवाखान्यात न्यायचं हे अंगणवाडीताई ठरवतात. त्यांना वस्तीतलं एकेक मूल नावानिशी माहीत असतं. बाहेरून येणाऱ्या मंडळाने त्यांच्या हाताखाली काम करावं, त्यांच्या डोक्यावर बसून नव्हे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी उन्हाळ्याची सुट्टी अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं जेवण मिळायला लागलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्याचं, ४५० उष्मांकांचं. पुष्कळ घरांत तेच दिवसाचं नीट जेवण असतं. मे महिन्यात शाळेला कुलूप लागतं आणि ते ताटही जातं. दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्यावं असा न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे, पण दुष्काळ जाहीर झाला नाही म्हणून मुलाला भूक लागायची थांबत नाही. आम्ही मे महिन्यात सकाळी खेळ आणि वाचनाचा वर्ग घेतो, आणि वर्ग सुटताना सगळीच मुलं एकत्र जेवतात. डॉक्टरांचा मुलगाही जेवतो, वाळू चाळणाऱ्यांची मुलगीही जेवते.

७. जेवणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. देणगीदाराला हिशेबाची वही दाखवतो, पिठाच्या पोत्याची पावती दाखवतो, स्वयंपाकघरात या आणि दोन भाकऱ्या थापून जा असं सांगतो. काही देणग्या यामुळे येत नाहीत. न येवोत.

८. भुकेला माणूस आधी काम मागतो. माझ्या सासूबाई ७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायच्या तेव्हा लाल मिलोच्या भाकरीबद्दल, कामावर मिळणाऱ्या सुकडीबद्दल सांगायच्या, पण त्यांच्या बोलण्यात सुकडीपेक्षा खडी फोडण्याचंच वर्णन जास्त असायचं. किती ब्रास फोडली, मुकादम कसा होता, हजेरी कशी लागायची. त्या दुष्काळातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे सरकारने कायद्याने कबूल केलं. जगात फार थोड्या ठिकाणी असं झालं असेल. पण ती हमी खेड्यासाठी होती. शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या गवंड्याला, बिगाऱ्याला तशी हमी नाही. अकरा वाजेपर्यंत कुणी नेलं नाही की तो घरी जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

आमच्याकडे जेवायला येणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास विचारतो, ‘ताई, काही काम आहे का?’ म्हणून आम्ही आता एक वही ठेवलीय. कुणाला रंगकाम येतं, कुणाला शिलाई, कोण आजारी माणसाजवळ रात्री बसू शकतं, आणि गल्लीत कुणाला काय करून हवंय. काही जणींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं करून विकायला सुरुवात केलीय. पुण्यामुंबईला राहणारे सोलापूरकर चांगली मागणी करतात. हे लहान आहे, पण त्या बायांना आता आमचा डबा लागत नाही.

नाक्याचं मात्र आम्हाला अजून जमलेलं नाही. जूनच्या शेवटापासून बांधकामं ओस पडतात. देणग्या येतात दिवाळीला, पितृपक्षात, वाढदिवसांना. आणि नाक्यावरची माणसं रिकाम्या हाताने परततात आषाढात. म्हणून यंदा आम्ही ओळखीच्या घरांना विचारायला लागलोय, की बाबांच्या पुण्यतिथीचं जेवण तिथीलाच हवं का, जुलैत दिलंत तर चालेल का? पहिल्यांदा माणसं बिचकतात. नाक्यावरची परिस्थिती सांगितली की बहुतेक जण हो म्हणतात. आषाढातल्या दोन आठवड्यांचं धान्य असं ठरलंय. उरलेल्या दिवसांसाठी अजून घरं शोधतोय.